कुठून पाहणार?

मॉडेल रंगवणारी पोरं माझ्याकडे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन. "काका, सगळ्यात चांगला एअरब्रश कोणता?" मी ओझरच्या विमान कारखान्यात पेंट शॉपला होतो, खऱ्या मिग-21 वर स्प्रे गन चालवली आहे, तेव्हा याला ठाऊक असणारच असा त्यांचा हिशेब. मी उलट विचारतो, "मॉडेल कुठून पाहणार आहेस?" म्हातारा विषय टाळतोय असं त्यांना वाटतं.

विषय तोच असतो. माझ्या शेजारी एक जैन गृहस्थ राहतात, म्हसरूळच्या गजपंथावर नेमाने जाणारे. स्याद्वाद म्हणजे "तुझंही खरं, माझंही खरं" असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढतो. त्यांच्या मते हा विचार मुळीच गुळमुळीत नाही, उलट फार कडक आहे. वस्तू अमुक एक आहे असं म्हणायचं तर कोणत्या द्रव्याच्या, क्षेत्राच्या, काळाच्या, भावाच्या अंगाने म्हणता ते आधी कबूल करा. ते न सांगता ठोकलेलं विधान अपुरं. संध्याकाळच्या चहावर ऐकायला हे ठीक असतं. मला ते पटलं मात्र कामाच्या टेबलावर, कारण तिथे "कुठून" याचं उत्तर आकड्यात देता येतं.

मिग-21 च्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर. 1:72 च्या मॉडेलमध्ये तो दहा सेंटिमीटरला थोडा कमी भरतो. हे मॉडेल मी एका फुटावर धरलं, म्हणजे खरं विमान बावीस मीटरवरून पाहिलं. 1971 च्या युद्धाच्या वेळी या चंदेरी विमानांवर घाईघाईने रंग मारले गेले. असे फवारलेले पट्टे एकमेकांत विरत जातात. ती विरती कड खऱ्या विमानावर पाच सेंटिमीटर रुंद धरली, तर मॉडेलवर ती 0.7 मिलिमीटर हवी. एअरब्रशची निवड इथे होते. 0.5 मिलिमीटरच्या नोझलने एवढी बारीक कड काढायला गेलात तर धुकं पसरतं. 0.2 ची सुई हवी, आणि डबल अॅक्शन हवा, म्हणजे ट्रिगर खाली दाबला की नुसती हवा, मागे ओढला की रंग. सिंगल अॅक्शनमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि रेघेच्या सुरुवातीला थेंब बसतो. वाटी वरच्या बाजूला असलेला घ्यावा. बाटली खाली लटकणाऱ्याला रंग वर खेचायला जास्त दाब लागतो, आणि बारीक कामात दाब पंधरा पीएसआयच्या आसपास ठेवलेला बरा.

हाच मुलगा 1:35 चा रणगाडा करत असेल तर हे सगळं बदलतं. फुटावरून पाहिलं तर तो साडेदहा मीटरवर उभा आहे, आणि तीच कड दीड मिलिमीटरची होते. त्याला 0.3 पुरतो. सगळ्यात चांगला एअरब्रश म्हणून काही नसतो, हे सांगायला दुकानदार सोडून कुणाचीच हरकत नसावी.

पण खरं मॉडेल म्हणजे कोणतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. रंगाचा थरच घ्या. एअरब्रशने बसवलेला थर 0.02 मिलिमीटर धरला, तरी बहात्तरने गुणल्यावर तो जवळजवळ दीड मिलिमीटर होतो. एवढा जाड थर खऱ्या विमानावर मारला असता तर आमच्या इन्स्पेक्टरने तो खरवडायला लावला असता. तेव्हा कोणतीही सुई घ्या, काहीतरी खोटं राहणारच. कोणतं खोटं बावीस मीटरवरून दिसत नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

रंगाच्या छटेवरून आमचं शेजाऱ्यांशी भांडण आहे. मॉडेलवाले मूळ रंगात दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळतात. लांबची वस्तू फिकट दिसते असं कारण देतात. बावीस मीटर हवेने रंग फिका होत नाही, हे कारखान्याच्या आवारात उभं राहून कुणीही पाहावं. तरीही मिसळल्याशिवाय मॉडेल काळवंडलेलं दिसतं. माझ्या मते कारण उजेडाचं आहे. विमान आपण उन्हात पाहिलेलं असतं, एक लाख लक्सच्या आसपास. खोलीतल्या दिव्याखाली काहीशेच मिळतात. शेजारी म्हणतात, मग तुम्ही क्षेत्र सांभाळलं आणि काळ विसरला. हे दुपारचं विमान आहे की संध्याकाळचं, ते ठरवल्याशिवाय पांढरा घालताच कशाला? मुद्दा बिनतोड आहे. मी दुपार धरतो, आणि धरली आहे हे सांगतो.

हात मात्र तत्त्वज्ञानाने चालत नाही. नाशिकच्या एप्रिलात अॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावर वाळतो, आधी एक बारीकसा फुगीर ठिपका, मग हवेची पिचकारी, मग पंखावर शिंतोडे. रंग दुधाइतका पातळ करा, वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे चार थेंब घाला, दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या कुंच्याने टोक पुसा. 0.2 ची सुई वाकायला नखाचा धक्का पुरतो. ज्याला दर वेळी सगळं सुटं करून धुण्याचा कंटाळा आहे त्याने ती घेऊच नये, 0.3 घ्यावी आणि विरलेली कड थोडी रुंद आली तर येऊ द्यावी.

स्पर्धेत काही परीक्षक टॉर्च आणि भिंग घेऊन पाच सेंटिमीटरवर नाक आणतात. तो माणूस विमानापासून साडेतीन मीटरवर उभा आहे, आणि तिथून थराची जाडी, भेगा, सगळं दिसतं. त्याच्यासाठी वेगळं मॉडेल करावं लागेल, वेगळ्या सुईने, वेगळ्या छटेने. ते मी करत नाही. माझ्या मॉडेलांच्या कपाटाला काच आहे, आणि कपाटापुढे खुर्ची कुठे ठेवायची ते मी ठरवतो.