वाऱ्याकडे पाठ

२०१० साली 'मास्टरशेफ इंडिया' सुरू झालं, लखनौच्या शिक्षिका पंकज भदौरिया पहिल्या विजेत्या ठरल्या, आणि घरोघरी सोफ्यावर परीक्षक बसले. स्पर्धक उघड्या मैदानात रांधायला उतरले की आमच्याकडे गलका, "अरे, एवढंही जमेना?" आजी मात्र स्पर्धकाकडे बघतच नाही, जाळ कुठे झुकतो ते बघते. "चुलीचं तोंड वाऱ्याकडे केलंय मेल्यानं," एवढंच म्हणते.

परवा हिंजवडीत, आयटी पार्कच्या रस्त्याकडेला, वडेवाल्या मावशींनी स्टोव्हभोवती तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा उभा केला होता. वारा फिरला, तसा त्यांनी तो पायानंच सरकवला. हात पिठातच. रांगेतला एकजण म्हणाला, "मावशी, आज उशीर?" मावशींनी वर पाहिलं नाही. पहिला वडा मात्र त्यालाच दिला.