शुद्धी आणि संहार

उल्हास नदीच्या खोऱ्यातील शेलूसारख्या गावात, बाळाच्या उष्टावणासाठी आजोळहून आलेली चांदीची वाटी फडताळातून काढताना आजी ‘चांदीला विटाळ नाही’ असे म्हणते, आणि त्याच घरातला शिकलेला नातू चांदीने जंतू मरतात असा विज्ञानाचा दाखला देऊन आजीच्या श्रद्धेवर जणू सरकारी शिक्कामोर्तब करतो. या आयत्या समेटात शुद्धी म्हणजे संहार असे गृहीत धरले जाते, आणि ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नातवाचा दाखला निराधार नाही: चांदीच्या १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांत वजनाच्या मानाने पृष्ठभाग इतका विस्तृत होतो, की त्यावरून सुटणारे चांदीचे आयन जंतूच्या पेशीचे आवरण विस्कटतात आणि आतल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशाच कणांचे जखमेवर लावायचे जेल तयार झाले. दंतवैद्य किडलेल्या दाताला चांदीचा एक क्षार लावतात, तेव्हा कीड थांबते, पण तो भाग काळा पडतो. या शस्त्राला विवेक मात्र नाही: तोंडात नांदणाऱ्या शेकडो जातींच्या जंतूंपैकी उपकारक कोण याची चौकशी ते करीत नाही, आणि मात्रा वाढली तर मनुष्याच्या पेशीचीही गय करीत नाही.

शत्रुमित्रभेद किती तकलादू असतो, हे पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दिसून आले. पिकांवर मर रोग आणणारी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून असे कण स्वतःच घडवते, हे मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. म्हणजे सूक्ष्म जीवांवर चालवायचे हत्यार एका सूक्ष्म जीवानेच पाजळून दिले.

जैन मुनी तोंडाला पट्टी बांधतो ती सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी, आणि शल्यविशारद बांधतो ती रुग्णाच्या रक्षणासाठी. परंतु आपल्या श्वासानेही दुसऱ्याचा घात होऊ शकतो, ही जाणीव दोघांनाही सारखीच आहे. देहधारी मनुष्याला हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, हे मान्य केल्यावर धर्माचा प्रश्न उरतो तो प्रयोजनाचा आणि प्रमाणाचा, आणि त्याचे उत्तर धातूकडे मागता येत नाही. भाजलेल्या रुग्णाची जखम चिघळू नये म्हणून चांदी वापरणे हे वैद्याचे कर्तव्यच होय. निरोगी मुखात निव्वळ धास्तीपोटी तीच चांदी रोज चोळणे हा सोवळ्याचा अतिरेक होय, मग त्याची तरफदारी आजीने करो वा नातवाने.