दयाची थप्पड

आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक उरते आणि तिचा मोठा वाटा टीव्ही खातो. निपाणी, चिकोडी, सदलगा, कुठल्याही आपल्या घरात जा, हेच दिसेल. सामायिक आटोपलं, जपमाळ डबीत गेली, की ‘सीआयडी’. ही मालिका 1998 च्या जानेवारीत सुरू झाली, 2018 पर्यंत चालली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा आली. सुरुवातीला जी पोरं पाळण्यात होती त्यांची आता लग्नं झाली. एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम, पूर्वी बँकेत नोकरीला असलेला मराठी माणूस. बायका त्यांच्याविषयी बोलतात ते माहेरच्या मामांविषयी बोलावं तसं.

आणि दया. नाव दया, काम दार तोडायचं आणि थोबाडीत मारायची! या नावातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात होती की नाही कोण जाणे. संशयित खुर्चीत बसलेला असतो, ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो, दया पुढे येतो, फाडकन आवाज होतो आणि माणूस पोपटासारखा बोलू लागतो. आपण सोफ्यावर हसतो. लहान मुलं एकमेकांवर तो हात करून बघतात.

अधूनमधून या मालिकेत वेगळ्या धाटणीचे भाग येतात. गुन्हेगार बाहेरचा नसतो, संशय आपल्याच अधिकाऱ्यावर येतो. कधी अभिजित, कधी दया. त्याची बंदूक काढून घेतात, चौकशी लागते, कायद्याची भाषा सुरू होते. असे भाग बायका फार जीव लावून बघतात. पण मी पाहिलेल्या अशा भागांत शेवट बहुतेक एकच. त्याला कुणीतरी अडकवलेलं असतं, तो निर्दोष सुटतो, सगळे गळ्यात पडतात. माझा प्रश्न इथूनच सुरू झाला. जे त्याने केलेलं नाही त्याची चौकशी होते. जे तो दर आठवड्याला आपल्या डोळ्यांदेखत करतो, त्याची मात्र कधीच होत नाही. त्या थप्पडीबद्दल कुठलं कोर्ट विचारत नाही, कुठला वरिष्ठ विचारत नाही. आणि आपण तरी कुठे विचारतो?

आपल्या जपमाळेत 108 मणी का, हे पाठशाळेत शिकवलं जातं. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार करा, 108 होतात. पापाची दारं एवढी, म्हणून मणी एवढे. यातलं ‘कृत’ सगळ्यांना कळतं, आपण स्वतः केलं ते. ‘कारित’ म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलं. ‘अनुमोदित’ आपण पटकन म्हणून पुढे सरकतो. केलं नाही, करवलं नाही, पण दुसऱ्यानं केलं त्याला मनातून ‘बरं झालं’ म्हटलं. दयाच्या थप्पडीला आपण जे हसतो ते याहून वेगळं काय आहे?

‘अहो, ते नाटक आहे,’ असं कुणीही म्हणेल. खरंच आहे. गालाला हातही लागत नसेल, आवाज मागून घालतात. कुणाचाही जीव दुखावत नाही, मग हिंसा कसली? या प्रश्नाला आपल्याकडे जुनं उत्तर आहे, आणि ते आपल्या या कानडी मुलखानं फार सुंदर सांगून ठेवलंय. होयसळांच्या दरबारी असलेल्या जन्न कवीचं ‘यशोधर चरिते’ तेराव्या शतकातलं. यशोधर राजाला आई बळी द्यायला सांगते. राजा जैन वळणाचा, जिवंत प्राणी मारायला तयार होत नाही. मग तडजोड निघते. पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. रक्ताचा थेंब नाही, जीव नाही, नुसतं पीठ. पण कापताना मनात बळीचाच भाव होता ना? त्या एका पिठाच्या कोंबड्यापायी आई आणि मुलगा मोर, कुत्रा अशा किती योनींतून फिरतात, एकमेकांच्या वैरी म्हणूनही जन्म घेतात. द्रव्यहिंसा शून्य, भावहिंसा पूर्ण.

लहानपणी मला ही गोष्ट जाचक वाटायची. पिठाच्या कोंबड्याला एवढी शिक्षा? आता वाटतं, शिक्षेचा भाग बाजूला ठेवला तरी गोष्टीत एक व्यवहाराचं शहाणपण आहे. पिठावर सुरी चालवली की हाताला सवय होते. टीव्हीवरची थप्पड हा आपला पिठाचा कोंबडा आहे. सवय कशी होते ते मी पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातल्याच एका गावात लग्नघरातून बोरमाळ गेली. वाढप्यांच्या हाताखाली एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, त्याच्यावर संशय गेला. पोलीस त्याला ‘चौकशीला’ घेऊन गेले. त्या संध्याकाळी कट्ट्यावर बायका बसलेल्या. त्यातल्या एक आक्का, ज्यांनी आयुष्यात पाणी गाळल्याशिवाय तोंडात घातलं नाही, कांदा-बटाटा घरात आणला नाही, पावसाळ्यात हिरव्या गवतावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जाणाऱ्या, त्या सहज म्हणाल्या, “दोन लावल्याबिगर बोलतंय व्हय त्ये?” बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणाच्याच तोंडावर क्रूरपणा नव्हता. भाजीला मीठ किती हे सांगावं तसा तो सूर होता.

पोरगा तिसऱ्या दिवशी आला. त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. आई हळद गरम करून लावत होती. कागद काहीच नव्हता; अटक दाखवलेली नव्हती, त्यामुळे सुटकाही नव्हती. आईनं एका कानडी कागदावर मराठीत सही केली होती, त्यात काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही. बोरमाळ कधीच सापडली नाही. तो निर्दोष होता असं मी सांगत नाही, बरं का. ते कुणालाच कळलं नाही. मारून कळलं नाही, हा मुद्दा आहे.

आणि कळलं असतं तरी उपयोग नव्हता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या 1872 च्या पुरावा कायद्यात 25 व्या कलमात होता. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही 23 व्या कलमात तो तसाच ठेवलाय. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही कळत होतं की ठाण्यातल्या खोलीत माणूस काय वाटेल ते कबूल करतो. म्हणजे दयाची थप्पड कोर्टात कवडीमोलाची. शिवाय मालिकेत बघा, तोपर्यंत डॉ. साळुंखेंनी प्रयोगशाळेत रक्त, केस, विष सगळं तपासून खुनी जवळपास सांगितलेलाच असतो. थप्पड तपासासाठी नसतेच. ती आपल्यासाठी असते.

सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात 1996 च्या डिसेंबरात पोलिसांना नियम घालून दिले. अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, अटक केल्याचं नातेवाइकांना कळवायचं, कोठडीतल्या माणसाची दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं हे तर घटनेतच आहे. बायकांनो, हे पाठ करून ठेवायला हरकत नाही. ‘चौकशीला नेलंय’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न हा विचारायचा, कागद कुठाय?

माझ्या माहेरच्या नात्यातला एक मुलगा पोलिसात आहे. त्याच्याशी मी यावर भांडले. तो शांतपणे म्हणाला, “आत्या, मारा असं आम्हाला वरून कुणी सांगत नाही. फिर्यादी सांगतो. चांगला शिकलेला माणूस, घरात चोरी झालीय, तो येऊन म्हणतो, साहेब जरा हात दाखवा. नाही दाखवला तर म्हणतो, पैसे खाल्ले.” त्याची ड्यूटी बारा-बारा तासांची, बंदोबस्त वेगळा, सणवार नाही. मला त्याचं वाईटही वाटलं. पण त्यानं जे सांगितलं त्याला आपल्याकडे नाव आहे. अनुमोदनाच्या पुढची पायरी, कारित.

याच्या उलटही मी आपल्याच बैठकीत पाहिलंय. ‘दृश्यम’ हा 2015 चा सिनेमा टीव्हीवर किती वेळा लागतो! इथून दोन-तीन तासांवरच्या गोव्यातलं साळगावकर कुटुंब. गायतोंडे नावाचा पोलीस त्यांना मारतो, धाकट्या पोरीवरही हात टाकतो. त्या प्रसंगाला माझ्या जावेनं हातातली शेंगांची परडी खाली ठेवली आणि शिव्या घातल्या. तिनं! आणि गंमत म्हणजे साळगावकरांच्या घरात खून झालेला आहे हे आपल्याला माहीत असतं. तरी आपण त्यांच्या बाजूला. का? कारण कॅमेरा दोन तास त्यांच्या घरात बसलेला असतो, पोरींची नावं आपल्याला कळलेली असतात. दयासमोर बसलेल्या माणसाला घर नसतं, आई नसते. तो दोन मिनिटांसाठी येतो, मार खातो आणि जातो. म्हणजे आपली दया समोरचा दोषी आहे की नाही यावर ठरत नाही. त्याची ओळख आहे की नाही यावर ठरते. अशा दयेला आपण धर्म म्हणतो, हे मला खुपतं.

खरी चौकशी दाखवणारं काही पाहायचं असेल तर ‘अर्धसत्य’ पाहा, 1983 चा, मी तो पुढे टीव्हीवरच पाहिला. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून गोविंद निहलानींनी केलेला, पटकथा तेंडुलकरांची. ओम पुरींचा वेलणकर एका भुरट्या चोराला कोठडीत मारतो आणि तो चोर मरतो. इथे कुणी अडकवलेलं नाही. यानंच केलंय. आणि तो माणूस आपल्याला आवडलेला असतो, त्याचा राग आपल्याला पटलेला असतो. सिनेमा संपल्यावर कुणी बोलत नाही. मला वाटतं, बघणाऱ्यालाही चौकशीला बसवलं जातं ते अशाच गोष्टीत.

बाहेरच्या जगात हे कुठवर जातं ते आपल्या उंबऱ्याशीच घडलंय. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. आरोपी पळाला असं आधी सांगण्यात आलं. त्याचा मृतदेह पोलिसांनीच आंबोली घाटात नेऊन जाळल्याचा आरोप ठेवून पोलिसांना अटक झाली आणि तपास गेला तो खऱ्याखुऱ्या सीआयडीकडे. आंबोली म्हणजे बेळगावकरांचं पावसाळी सहलीचं ठिकाण. आपण तिथे धबधब्याखाली उभं राहून फोटो काढतो.

मग प्रश्न येतो, पोलिसानं हात उचलूच नये का? आपला धर्म इतका भाबडा नाही. हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शेवटचे तीन गृहस्थाला पूर्ण सुटत नाहीत. स्वयंपाकात, शेती-व्यापारात हिंसा होतेच. आणि कुणी अंगावर आला तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला करावी लागते ती विरोधी. राजाला, सैनिकाला ती चुकत नाही. पण संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, श्रावकाला पूर्ण वर्ज्य.

11 नोव्हेंबर 2006 ला मुंबईत लखनभैया नावाच्या माणसाचं एन्काउंटर झालं. पोलिसांचं म्हणणं, त्यानं हल्ला केला, आम्ही स्वतःला वाचवलं. म्हणजे विरोधी. त्याचा भाऊ वकील होता. एन्काउंटरची बातमी यायच्या आधीच, त्याला पोलिसांनी उचललंय म्हणून या भावानं अधिकाऱ्यांना तारा केल्या होत्या. 2013 मध्ये सत्र न्यायालयानं तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी धरलं, पण ज्यांचं नाव वर्तमानपत्रांनी नायकासारखं छापलं ते प्रदीप शर्मा सुटले. 19 मार्च 2024 ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी तो निर्णय फिरवला आणि शर्मांना जन्मठेप दिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील गेलं आहे. खंडपीठावर दोघी स्त्रिया होत्या, हे मी आमच्या महिला मंडळात मुद्दाम सांगितलं.

त्यावर एक वैनी म्हणाल्या, “पण तो गुंडच होता की वो.” असेल. तो संत होता असं न्यायालयही म्हणालं नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की गोळी वाचण्यासाठी सुटली की आधी ठरवून. आपली जपमाळ जो पहिला मणी मोजते, संरंभ, म्हणजे मनात ठरवणं, तोच प्रश्न. त्याचं उत्तर मिळायला सतरा वर्षं लागली. लखनभैयाबरोबर त्याच दिवशी ज्याला उचललं होतं, तो मुख्य साक्षीदार 2011 च्या मार्चमध्ये, साक्ष द्यायच्या काही दिवस आधी मारला गेला.