दाराची कडी

दत्तजयंतीचा सप्ताह आला की मंदिराच्या ओट्यावर कुणीतरी मला विचारतेच, "काका, तुम्ही एवढी गुरुचरित्राची पारायणे केली, तरी भेव कसे लागते जी तुम्हाले?" गावाला माहीत आहे. वरातीत फटाक्यांची लड सुटली की मी आजही ओसरीतून उठून घरात जातो.

यंदा उत्तर लिहूनच टाकतो.

नोव्हेंबर २००८. मुलीला आठवा महिना. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला, म्हणून ती माहेरी येण्याऐवजी आम्हीच दोघे कारध्याहून तिच्याकडे गेलो. तिचे बिऱ्हाड गिरगावात, चौपाटीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. २६ तारखेच्या रात्री टीव्हीवर सीएसटीच्या बातम्या सुरू झाल्या. जावई कामावरच अडकलेले. मध्यरात्रीनंतर चौपाटीच्या अंगाने आवाज आले. मला आधी फटाकेच वाटले.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. दोनदा. मग हलकेच तिसऱ्यांदा. मुलगी उठली, तर मी तिचा हात धरला आणि कडीवर पाठ टेकून उभा राहिलो. "कोण?" एवढेसुद्धा विचारले नाही. पावले जिना उतरून गेली.

सकाळी कळले, ते खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ होते. त्यांना एकट्याने घरात बसवत नव्हते, एवढेच.

त्याच रात्री चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळे तो जिवंत सापडला. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गरोदर बायांना आतल्या खोलीत नेऊन सांभाळले. माझ्या घरीही एक गरोदर बाई होती आणि तिला मी सांभाळलेच, नाही असे नाही. पण दार?

जावई सकाळी पायी घरी पोचले. गावाकडून फोन आले, "दत्तगुरूंनी वाचवलं तुम्हाले." बोलणाऱ्यांची माया खरी होती, पण मला ते घेववेना. त्या तीन दिवसांत १६६ माणसे गेली. त्यांत कुणी भक्त नव्हते काय? सीएसटीवर गाडीची वाट पाहत बोचक्यावर बसलेल्या माणसाला महाराज विसरले आणि मला तेवढे आठवणीत ठेवले, असे मानणे मला भक्तीपेक्षा अहंकाराचेच वाटते. कुणाला पटणार नाही, पण मला असे वाटते खरे.

पुढे दोन आठवड्यांनी दत्तजयंती. तिथेच पारायणाला बसलो, पण मन अनसूयामातेच्या गोष्टीत अडकले. देव तिच्या दाराशी अतिथी होऊनच आले ना! आपण जन्मभर म्हणतो की दत्त भिक्षेकऱ्याच्या रूपात येतो, कोणत्या वेळी येईल सांगता येत नाही. आणि माझ्या दाराशी तीन थापा पडल्या, तेव्हा मी कडीला पाठ लावून उभा.

पण न्यायाने बोलायचे तर उघडायला हवे होते का? बाहेर बंदूकवाला असता तर? पोटुशी लेक घरात असताना बापाने धर्म कोणता पाळावा? अवधूताने कबुतराला गुरू केले, ते पिल्लांच्या मोहाने जाळ्यात उडी घेते म्हणून. मी तर घरट्यातून हललोच नाही, तरी मोह तोच. यावर मी खूप विचार केला. दार न उघडणे चूक होती, असे मी आजही छातीठोक म्हणत नाही. पण आतून "कोण आहे?" विचारायला काय लागत होते? तेवढा आवाजसुद्धा भीतीने खाऊन टाकला, ते मला बोचते.

कारध्याला परतल्यावर महिनाभर मी वरठीच्या स्टेशनावर जायचे टाळत होतो. बायकोने एकदा ऐकवले, "मलेही भेव लागते जी. पण म्हणून सयपाक थांबते का?" वैनगंगेला पूर आला की पाणी कुठवर चढले ते पुलाशी पाहता येते, धोक्याची पातळी ठरलेली आहे. बंदुकीच्या भीतीला तशी पातळी नाही. म्हणून बायकोचेच माप धरले. भेव असू दे, सकाळची कामे व्हावीत. पहिल्या दिवशी स्टेशनावर दहा मिनिटे बसलो, नाम घेत. हात कापत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

नातवाच्या बारशाला मुंबईला गेलो, तेव्हा खालच्या मजल्यावर पेढे घेऊन गेलो आणि त्या रात्रीचे सगळे सांगून टाकले. गृहस्थ बराच वेळ पेढा हातात धरून बसले. मग म्हणाले, "मीपण नसतं उघडलं हो. बसा, चहा टाकतो."