समावर्तनानंतरचा स्वाध्याय

गुरुगृहीचे अध्ययन पुरे करून शिष्य घरी जावयास निघाला म्हणजे आचार्य त्यास अखेरचा उपदेश करीत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत तो उपदेश ग्रथित झालेला आहे. सत्य आणि धर्म यांच्या जोडीनेच आचार्य तेथे शिष्यास बजावतात की, स्वाध्यायात आणि प्रवचनात हयगय होऊ देऊ नये. वरवर पाहता ही आज्ञा अस्थानी वाटते. अध्ययन संपले म्हणून तर शिष्य घरी निघाला. मग अध्ययनाची आज्ञा त्यास आता कशासाठी? परंतु किंचित विचार केला असता ध्यानात येते की, ही आज्ञा देण्यास याहून योग्य दिवस दुसरा नाही. आश्रमात असेतोवर गुरूची दृष्टी आणि सहाध्यायांची संगत शिष्यास शिकवीतच असते. घरी गेल्यावर मात्र त्यास विचारणारा कोणी उरत नाही. त्याच दिवसापासून विद्येची खरी कसोटी सुरू होते.

जी विद्या एकदा संपादन केली, जिच्याबद्दल पदवी मिळाली आणि जिच्या बळावर समाजाने विश्वास टाकला, ती पुढे आयुष्यभर वाढवीत राहणे हे धर्मकर्तव्य आहे, की ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग आहे? हा प्रश्न सर्वच व्यवसायांना लागू असला, तरी एका व्यवसायाच्या उदाहरणाने तो अधिक स्पष्ट होईल. ते उदाहरण दंतवैद्याचे.

गोमतीच्या काठी वसलेल्या लखनौ नगरीत किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची कोनशिला २६ डिसेंबर १९०५ रोजी बसविली गेली, १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले आणि २००२ मध्ये त्यास विद्यापीठाचा दर्जा लाभला. दंतवैद्यकाचे शिक्षणही तेथे दशकानुदशके दिले जात आहे. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारी करून तरुण दंतवैद्य बाहेर पडतात. ज्यांची इच्छा असेल ते आणखी तीन वर्षे विशेष अध्ययन करतात. म्हणजे शिकण्याची वर्षे पाच किंवा आठ, आणि व्यवसायाची वर्षे पस्तीस-चाळीस. या पस्तीस-चाळीस वर्षांत पहिल्या पाच वर्षांच्या शिदोरीचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

१९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथे एक व्याख्यान दिले. मुखातील दडलेला संसर्ग हे शरीरातील अनेक व्याधींचे मूळ होय, असे मत त्याने मांडले. ते पुष्कळांना पटले आणि पुढील काही दशके असंख्य रुग्णांचे वाचवता येण्याजोगे, क्वचित निरोगी दातही उपटले गेले. कालांतराने त्या मताचा आधार तपासला गेला आणि ही सरसकट उपटणी थांबली. तसेच, किडलेला भाग काढताना भोवतालचा निरोगी भागही कोरून खड्डा मोठा करावा, म्हणजे पुन्हा कीड लागणार नाही, असा जी. व्ही. ब्लॅक या थोर अमेरिकन दंतवैद्याचा सिद्धांत होता व तो कित्येक पिढ्यांनी प्रमाण मानला. १९५५ मध्ये मायकेल बुनोकोर याने दाखवून दिले की, दाताच्या कवचावर सौम्य आम्लाची क्रिया केल्यास भरण-द्रव्य त्यास घट्ट चिकटते. त्या शोधाच्या पोटी जी भरणपद्धती विकसित झाली, तिने निरोगी दात कोरण्याची गरज पुष्कळ अंशी संपविली.

आता, ज्यांनी वाचविता येण्यासारखे दात उपटले ते दुष्ट होते काय? मुळीच नाही. त्यांचा हेतू शुद्ध होता, हात कुशल होता आणि त्यांच्या काळचे शास्त्र त्यांच्या पाठीशी होते. तेव्हा त्यांस दोष देता येत नाही. दोष लागतो तो शास्त्राने आपली चूक सुधारल्यानंतरही जो जुन्याच वाटेने चालत राहतो त्यास. तोही हेतू शुद्धच आहे असे म्हणेल. परंतु ज्याला जाणून घेणे शक्य होते आणि ज्याने जाणून घेतले नाही, त्याचे अज्ञान निर्दोष राहत नाही. सद्भावना ही कर्माचा प्राण खरी. पण ज्ञानावाचून ती आंधळी असते.

लखनौच्याच संदर्भात याचे दुसरे उदाहरण घेता येईल. या नगरीचा विडा प्रसिद्ध आहे. पाहुण्यास विडा देणे ही तेथील तहजीब. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी मुखातील त्वचा आतून आवळून ताठर होण्याच्या एका विकाराचे वर्णन केले. त्याचे सुपारीशी असलेले नाते पुढे हळूहळू उलगडले. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर प्रदेशात २०१३ पासून गुटख्यावर बंदी घातली गेली.

समजा, चौकातील एखादा दुकानदार दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे आला. बोलता बोलता तो म्हणाला की, अलीकडे तिखट सोसत नाही आणि तोंड पूर्वीइतके उघडत नाही. ज्याचे ज्ञान पदवीच्या दिवशीच थांबले, तो दंतवैद्य दाढ पाहील, ती भरील वा काढील आणि रुग्ण संतोषाने दक्षिणा देऊन घरी जाईल. ज्याने स्वाध्याय चालू ठेवला आहे तो दाढेआधी गालाच्या आतील पांढुरकी, ताठर त्वचा पाहील, सुपारी आजच सोडण्यास सांगेल, त्यास पुन:पुन्हा तपासणीस बोलावील आणि शंका येताच मोठ्या रुग्णालयात धाडील. दोघांनीही दाढ बरी केली, दोघांचाही रुग्ण संतुष्ट झाला; परंतु एकाच्या हातून कदाचित एका कुटुंबाचा आधार निसटला, आणि तो निसटला हे कोणासही कळले नाही.

या 'कोणासही कळले नाही' यातच सगळा नैतिक पेच साठवलेला आहे. सोने कसोटीच्या दगडावर लावता येते, धान्य मुठीत घेऊन पाहता येते. दंतवैद्याचे ज्ञान मात्र रुग्णास पारखता येत नाही. वेदना थांबली की नाही आणि वैद्य गोड बोलला की नाही, एवढेच तो सांगू शकतो. तोंड उघडून खुर्चीवर पडलेला मनुष्य बोलूदेखील शकत नाही. तो केवळ विश्वास ठेवू शकतो. जेथे समोरच्यास पारख करता येत नाही, तेथे पारख करण्याचा सगळा भार कर्त्याच्या अंत:करणावर येऊन पडतो. म्हणून दंतवैद्याचा स्वाध्याय ही त्याची खाजगी हौस राहत नाही. रुग्णाने ठेवलेल्या विश्वासाची ती परतफेड होय.

यावर कोणी म्हणेल, हे काम कायद्याने करावे. कायद्याने ते काही अंशी केलेही आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीची व्यवस्था घातली. त्याखाली स्थापन झालेल्या भारतीय दंत परिषदेने पुढे निरंतर शिक्षणाचे आणि त्याबद्दल मिळवावयाच्या गुणांचे नियम केले. २०२३ मध्ये संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु कायदा सभागृहातील उपस्थिती मोजू शकतो, मनाची उपस्थिती मोजू शकत नाही. मागच्या रांगेत बसून प्रमाणपत्र घेऊन येणारा आणि पुढे बसून शंका विचारणारा, या दोघांस गुण सारखेच मिळतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दंतवैद्यही गृहस्थ आहे. दवाखाना एक दिवस बंद ठेवला तर त्या दिवसाची मिळकत जाते. दूरच्या शहरी शिकावयास जाणे खर्चाचे असते. घरी वृद्ध आईवडील आणि शिकती मुले असतात. हा आक्षेप खोटा नाही. परंतु स्वाध्याय म्हणजे दरवेळी प्रवास नव्हे. रोज अर्धा घटका नवे वाचन, आपल्या हातचे जे काम बिघडले त्याचे कारण शोधणे, अवघड रुग्णाविषयी जाणत्यास विचारणे आणि जे आपल्यास येत नाही ते येणाऱ्याकडे पाठविणे, हेही अध्ययनच आहे. त्यास द्रव्य फारसे लागत नाही. अहंकार मात्र थोडा खर्चावा लागतो.

या बाबतीत डॉ. रफीउद्दीन अहमद यांचे चरित्र स्मरणीय आहे. त्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली. ती विद्या केवळ स्वत:च्या व्यवसायाचे भांडवल म्हणून न वापरता १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यास भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले, १९२५ मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले आणि १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ लिहिला. उपनिषद स्वाध्यायाशेजारी प्रवचन का ठेवते, याचे उत्तर अशा जीवनात मिळते. जो शिकवितो त्यास शिकत राहावेच लागते.

तिसरी शंका लोभाची. नवी विद्या हे नवे आमिषही होऊ शकते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथमच एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण करून त्यावर कृत्रिम दात बसविले. दंतहीन माणसाला हे वरदानच ठरले. परंतु दोन दिवसांच्या वर्गात ही कला शिकून आलेला मनुष्य जर प्रत्येक मुखात रोपणाचीच जागा पाहू लागला, तर त्याचे शिकणे हा स्वाध्याय नव्हे, व्यापार होय. मग ओळखावे कसे? त्याची एक साधी खूण आहे. नवे ज्ञान पुष्कळदा 'कमी करा' असे सांगते. हृदयविकाराच्या कित्येक रुग्णांना दंतोपचारापूर्वी सरसकट दिली जाणारी प्रतिजैविके आता केवळ अत्यंत जोखमीच्या रुग्णांनाच द्यावीत, असे अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २००७ मध्ये सांगितले. ज्या ज्ञानाने मिळकत वाढते तेवढेच जो शिकतो, आणि ज्याने मिळकत घटते त्याकडे पाठ फिरवितो, त्याच्या विद्येचा स्वामी कोण, हे सांगावयास नको. फलाची आसक्ती सोडण्याचा गीतेचा उपदेश येथे कर्माइतकाच ज्ञानार्जनासही लागू पडतो.

शिकण्याची एक मर्यादाही आहे: रुग्णाचे शरीर हे सरावाचे साधन नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे हस्तक्रियेचा सराव, या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. ओढून काढण्याच्या क्रियेचा सराव फणस, बेल यांच्या गरावर आणि मेलेल्या पशूंच्या दातांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ क्रिया जाणणारा, हे दोघेही सुश्रुताच्या मते एका पंखाच्या पक्ष्यासारखे अपुरे होत. अर्थात नवी क्रिया आधी अन्यत्र साधावी आणि मगच विश्वासाने आलेल्या माणसास हात लावावा.

शेवटी राहतो तो नम्रतेचा प्रश्न. केस पांढरे झाल्यावर आपल्या मुलाच्या वयाच्या अध्यापकासमोर बाकावर बसणे सोपे नाही. परंतु ज्ञान मिळविण्याचा जो मार्ग गीतेच्या चौथ्या अध्यायात दाखविला आहे, त्यात प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीनच साधने आहेत. वयाची अट त्यात नाही.

गृहस्थांचाही यात वाटा आहे. दंतवैद्य शिकावयास गेला म्हणून दवाखाना बंद दिसला तर त्यांनी कुरकुर करू नये. 'हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो,' असे तो म्हणाला तर त्याच्यावरील विश्वास कमी न करता वाढवावा. आणि ज्यांच्या शब्दावर दुसरा डोळे मिटून विसंबतो, अशा शिक्षकाने, वकिलाने, पुरोहिताने, औषधविक्रेत्याने स्वत:स एवढेच विचारावे की, पदवीच्या दिवशी जी आज्ञा झाली तिचे पालन या वर्षी किती झाले. या प्रश्नाचे उत्तर तपासणारा दुसरा कोणी नसतो. म्हणूनच ते खरे द्यावयाचे असते.