बिदागी आणि विठ्ठल

जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचं नाही, कपाळाला बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात हार घालून घ्यायचा नाही, इतकंच काय, बैलासाठी वैरणही मागायची नाही; पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात, असा तुकोबांचा दंडक आहे. त्याच तुकोबांचे अभंग भीमसेन जोशींनी ‘संतवाणी’त तिकीट लावलेल्या नाट्यगृहांतून वर्षानुवर्षं गायले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत, हेही तितकंच खरं. मग दोष कुणाच्या पदरी घालायचा?

तुकोबांना पैशाचा व्यवहार कळत नव्हता, असं मुळीच नाही. घरात महाजनकी होती, सावकारी होती. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. देण्याघेण्याने माणूस कसा बांधला जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. कीर्तनकार उपदेश करतो, आणि ज्याच्या घरचं ताट पुढ्यात आलं त्याला खडे बोल सुनवायला जीभ रेटत नाही. दंडकाचा रोख या मिंधेपणावर आहे. आज सप्ताहाच्या कीर्तनकाराचं ‘पाकीट’ आधी फोनवर ठरतं, तेव्हा जुने वारकरी कळवळतात. त्यांचं कळवळणं रास्तच आहे.

गवयाला मात्र गळ्याखेरीज दुसरं शेत नसतं.

गोव्यातल्या देवळांत कलावंत घराण्यांतल्या बायका पिढ्यानपिढ्या गायल्या. त्यांचं गाणं देवाची सेवा मानलं जाई. पण देवापुढे गाणाऱ्या बाईला गावाने बरोबरीचा मान कधी दिला नाही. सेवा पवित्र, सेवा करणारी मात्र खालची! त्या गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई (जन्म १९०४) नाटक कंपनीतून गाण्यात आल्या, अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या आणि पती गेल्यावर शिकवण्या आणि मैफली करून त्यांनी तीन मुलं वाढवली. थोरली किशोरी मागे तंबोऱ्यावर बसे. त्या दौऱ्यांच्या आठवणी किशोरीताईंनी पुढे मुलाखतींतून सांगितल्या: रेल्वेचा तिसऱ्या वर्गाचा डबा, हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि इतक्या मोठ्या गायिकेला मिळणारी दुय्यम वागणूक. आपल्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, असं त्या मुलीने तेव्हाच ठरवलं.

पुढे किशोरी आमोणकर यांनी बिदागी, राहण्याची सोय आणि श्रोत्यांची शांतता यांत तडजोड केली नाही. हीच बाई गाणं म्हणजे परमेश्वराशी संवाद आहे, असं सांगे. अनेकांना यात विसंगती दिसली. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच आग्रहातून आल्या होत्या. स्वर जर इतका मोलाचा, तर तो लावणाऱ्याला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर का जगायला लावायचं? मिंधेपण तुकोबांनी अन्न नाकारून टाळलं, किशोरीताईंनी बिदागी स्पष्ट सांगून टाळलं. तुकोबांच्या पायरीशी कुणाला बसवण्याचा हा प्रयत्न नव्हे. प्रश्न दोघांपुढे एकच होता, एवढंच.

अर्थात तिकिटालाही स्वतःचा धाक असतो. पुढच्या रांगेतून ठरावीक अभंगाची फर्माईश येते, टाळ्या कुठे पडतात हे गायकाला पाठ होतं, आणि तान नकळत त्या जागेकडे झुकू लागते. यजमान गेला तरी गिऱ्हाईक येतं. प्रामाणिक गायकाला हा धोका रोज असतो आणि त्याच्यावर कायमचा उपाय कुणाला सापडलेला नाही.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी दोन्ही टोकं जगून पाहिली. गवयाला समाजात मान नाही, ही सल घेऊन ते मिरजेहून निघाले. सौराष्ट्रात त्यांनी जाहीर जलसा केला, तोही तिकीट लावून. राजाच्या दरबाराबाहेरच्या माणसाला गाणं ऐकता येऊ लागलं आणि गवयाला हुजरेगिरीतून सुटायची वाट मिळाली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं. पुढे मुंबईच्या इमारतीपायी कर्ज झालं, इमारत लिलावात गेली. उत्तरायुष्यात ते रामनामाकडे वळले, नाशकात आश्रम काढला आणि तुलसी रामायणात रमले. शिष्यांनी मात्र गाण्याचा पेशा सोडला नाही. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तिथे विद्यार्थी फी भरून ख्याल शिकत, भजनंही शिकत.