घर तेवढं राहू द्यायचं

पहाटेचे साडेपाच. डिसेंबरातली आदिलाबादची थंडी बोटांत उतरली आहे. टेबलावर दहा वर्षांचा जुना लॅपटॉप, त्याला लावलेला पेन ड्राइव्ह आणि पडद्यावर डेबियन लिनक्सचा पहिला प्रश्न: भाषा कोणती? यादीत मराठी आहे, तेलुगूही आहे. गोंडी नाही. आमच्या जिल्ह्यात आठवडी बाजाराच्या एका फेरीत या तिन्ही भाषा कानावर पडतात, उर्दू आणि बंजारा वेगळ्याच. मी मराठी निवडतो आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अकरावी आवृत्ती या यंत्रावर अधिकृतपणे चढत नाही. यंत्र मात्र धडधाकट आहे, कळफलकावरची चार-दोन अक्षरं पुसट झाली आहेत इतकंच. असं यंत्र भंगारात द्यायला मन धजत नाही.

कार्यप्रणाली बदलायची ही माझी पहिली वेळ नव्हे. उबुंटू, मग मिंट, मग फेडोरा, पुन्हा उबुंटू, आणि अलीकडे कामापायी काही वर्षं विंडोज. मित्र म्हणतात, एकदा काय ते ठरव आणि स्वस्थ बस. पूर्वी मी त्यांच्याशी तावातावाने वाद घालायचो. मुक्त सॉफ्टवेअरवरचा माझा विश्वास आजही तसूभर कमी झालेला नाही. ज्या यंत्रावर आपण रोज लिहितो, त्याच्या आत काय चाललं आहे हे पाहायचा हक्क आपल्याला असलाच पाहिजे. पण वाद घालण्यापेक्षा आता मी एकच गोष्ट बारकाईने पाहतो. आत शिरणं सगळीकडेच सोपं असतं. निघताना आपलं काय काय सोबत येतं?

हे मला संगणकाच्या आधी घरानेच शिकवलं होतं. आजोबा जन्मले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. त्याच वेळी या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून मुंबई राज्याला जोडले. आमची निम्मी सोयरीक किनवटकडे, ती एका दिवसात परराज्यातली झाली. पुढे १९६० ला तिकडे महाराष्ट्र झाला, २ जून २०१४ ला इकडे तेलंगणा झालं, २०१६ ला आमच्या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. कचेरीतली भाषा बदलली. आमचं घर जागचं हललं नाही. आजीचं जातं त्याच कोपऱ्यात राहिलं. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा पडत राहिल्या.

लिनक्स मांडताना एक जुनी, शहाणी पद्धत आहे: डिस्कचे दोन वाटे करायचे. एका वाट्यावर प्रणाली. दुसऱ्यावर आपली कागदपत्रं, फोटो, पत्रं. या दुसऱ्या वाट्याचं नावच होम. उद्या प्रणाली पुसून दुसरी टाकली तरी होमला धक्का लागत नाही. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला किनवटचे काका आठवले होते: राज्य बदललं, घर तेच.

अर्थात घर जपलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. होममध्ये, नावाआधी टिंब असलेल्या, एरवी न दिसणाऱ्या फाईली असतात. जुन्या प्रणालीत लावून घेतलेल्या सवयी त्यांत साठतात. नवी प्रणाली त्या वाचते आणि कधी कधी अडखळते. मग एकेक उघडून पाहावी लागते: ही ठेवू, ही जाऊ दे. या कामाला घाई चालत नाही.

खरा घोर वडिलांच्या आठवणींनी लावला. छप्पन सालच्या त्या दिवसांवर त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ती पानं एका दुकानात टाईप करून घेतली. तेव्हाचे मराठी फॉन्ट ज्याचे त्याचे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली आणि वडिलांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं उभी राहिली. वही तोवर वाळवीने खाल्ली होती. दुकानदाराला बोल लावत नाही, त्या काळी सगळीकडे असंच काम चालायचं. तो जुना फॉन्ट शोधून, कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता करून, पानामागून पान युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या मानकात, आणायला मला एक पावसाळा लागला.

त्यातही एक शब्द हाती लागेना: दुसऱ्या. तो डोळ्यांसमोर छापलेला दिसायचा आणि शोध घेतला की सापडायचा नाही. जवळून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. हा अर्धा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. एका कळफलकाने पहिली तऱ्हा उमटवली होती, दुसऱ्या प्रणालीतल्या कळफलकाने दुसरी. दिसायला जुळे, यंत्राच्या लेखी अनोळखी. मी सगळे एकाच तऱ्हेचे करून घेतले आणि फाईल मुक्त दस्तऐवज साच्यात जतन केली. २००६ पासून हा साचा आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे नियम उघड आहेत, उद्या कोणीही तो वाचणारं साधन लिहू शकतो. वडिलांची पानं आता कोणत्याही एका प्रणालीच्या दारात ताटकळणार नाहीत.

परवा भाची आली होती, तेलुगू माध्यमात शिकते. तिला शाळेसाठी उतारा टाईप करायचा होता. मी तिला इन्स्क्रिप्ट लावून दिला. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात आलेला हा कळफलक बहुतेक प्रमुख भारतीय लिप्यांना एकाच मांडणीने बसतो. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. तिने उजव्या हाताचं मधलं बोट टेकवलं, तेलुगू क उमटला. मी भाषा बदलली.

“आता तीच कळ दाब गं.”

मराठी क उमटला. तिने प, ग, त करून पाहिले. “मामा, बोटांना दोन्ही भाषा एकच वाटतात की!” मग बराच वेळ ती तोच शब्द एकदा या लिपीत, एकदा त्या लिपीत लिहीत बसली.

त्या रात्री मी तिला गुंजाळाची गोष्ट सांगितली. आमच्याच जिल्ह्यात, नारनूर मंडलात हे गाव आहे. तिथल्या गोंड घरांत वेगळ्याच लिपीतली हस्तलिखितं जपलेली होती, आणि ती वाचू शकणारी थोडी वडीलधारी माणसंही होती. अभ्यासक जयधीर तिरुमलराव आणि त्यांचे सहकारी तिथवर पोचले, लिपी अभ्यासली गेली, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाळा गोंडी दाखल झाली. तिच्यासाठी नोटो मालिकेतला मुक्त परवान्याचा फॉन्टही आहे. एका खेड्याच्या पेटीतली अक्षरं आज लिनक्सवर, विंडोजवर, मॅकवर तीच राहतात. स्थापनेच्या यादीत गोंडी आलेली मला या डोळ्यांनी पाहायची आहे. अक्षरांना क्रमांक मिळाले, आता माणसांनी बसून एकेक वाक्य उतरवायला हवं. मराठीचंही तसंच झालं होतं. ही जी यादी समोर आहे, तिच्यातलं मराठी कोणीतरी रात्री जागून, बहुधा विनामोबदला, लिहिलं आहे. ‘पुढे चला’ वाचताना मी त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार करतो.

बाहेर उजाडू लागलं आहे. नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज हायवेवरून येतो आहे. तासाभरात ते पैनगंगा ओलांडून पलीकडच्या राज्यात असतील. पडद्यावर डिस्कचे वाटे आले आहेत. पहिल्यावर जुनी प्रणाली, तो पुसायला मी सांगतो. दुसरा होम. त्यातला मजकूर पुसायचा का, ठेवायचा, असं यंत्र विचारतं. ‘ठेवा’वर जातो, एकदा पुन्हा वाचून पाहतो, आणि कळ दाबतो.